दिसणे आणि दिपवणे

डिसेंबरातल्या पहाटे साडेपाचच्या सुमारास कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठाने चालायला निघालेल्या माणसाला संध्यामठाच्या अंगाला थंडीचा कडाका आणि पाण्यावरचे धुके या दोन गोष्टींची सवय असते. गेल्या काही वर्षांत तिसरीची भर पडली आहे. लांबून एक पांढराशुभ्र ठिपका लुकलुकत येतो, बघता बघता त्याचा गोळा होतो, आणि समोरून येणारे चार-पाच जण एकाच वेळी कपाळावर हात आडवे धरतात. गोळा पुढे निघून गेल्यावर कळते की ती सायकल होती. अशाच एका गोळ्याला सत्तरीच्या एका आजोबांनी हाक दिली, "लाईट जरा खाली करा की ओ, काय दिसंना झालंय!" सायकलवरच्या तरुणाने न थांबता उत्तर दिले, "मी दिसतोय न्हवं काका? मग झालं की!"

भांडण तेवढ्यावरच मिटले, पण या विषयावर जो काही वाद घालता येतो तो सगळा या दोन वाक्यांत आला आहे. एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला आपण दिसतो आहोत याचे समाधान आहे. मी आठवड्यातून चार दिवस त्या काठाने चालतो आणि उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस सायकल घेऊन पन्हाळ्याच्या रस्त्याला लागतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी खाल्लेल्या माणसाला जेवढा तटस्थपणा येतो, तेवढा तरी माझ्यापाशी असावा.

सायकलस्वारांच्या बाबतीत "सुरक्षितता हवी की इतरांचा त्रास टाळायला हवा" असा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि त्यात भडक कपडे व प्रखर दिवे एकाच गाठोड्यात बांधले जातात. माझे म्हणणे असे की हे गाठोडे आधी सोडले पाहिजे. कपड्यांचा जो त्रास होतो तो आवडीनिवडीचा आहे, तो इतरांनी मुकाट्याने सोसावा. दिव्याचा जो त्रास होतो तो डोळ्यांचा आहे. तो कोणी सोसू नये, आणि विशेष म्हणजे तो सोसल्याने सायकलस्वाराची सुरक्षितता वाढत नाही, घटते. दिव्यापुरते बोलायचे तर सुरक्षितता आणि त्रास एकमेकांसमोर उभेच नाहीत. डोळे दिपलेला वाहनचालक हा ज्याने ते दिपवले त्याच्याच दिशेने येत असतो.

आधी कपड्यांचे. पोपटी किंवा भडक नारिंगी जाकीट घालून सायकल काढली की गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी हमखास विचारतो, "काय, महापालिकेचं काम निघालंय का?" हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यामागे काय दडले आहे याचा विचार करायला मला भरपूर सवड मिळाली. शहरात असे जाकीट प्रथम दिसले ते सफाई कामगारांच्या आणि महामार्गावर डांबर टाकणाऱ्या मजुरांच्या अंगावर. ज्यांचा जीव दिवसभर रस्त्यावरच्या वाहनांच्या हवाली असतो त्यांचा तो पोशाख. तो आपल्या अंगावर आला तर आपणही त्यांच्यातले दिसू, अशी एक लाज या हसण्यात आहे. ही लाज मान्य करण्यासारखी नाही, आणि रंगाच्या भडकपणाचे निमित्त तर कोल्हापूरकराने पुढे करूच नये. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हाऊन येणाऱ्या माणसांना पोपटी रंग डोळ्यांना खुपतो, हे मला तरी पटत नाही. एखाद्याचे जाकीट आवडले नाही तर नजर वळवता येते. जाकीट कोणाच्या बुबुळात शिरत नाही.

मात्र जाकीट घातले की आपण दिसतो, हा समजही तपासून घेतला पाहिजे. बाजारात एकाच हँगरवर टांगलेल्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आपण एकाच नावाने विकत घेतो. पोपटी किंवा नारिंगी चमकदार कापड उन्हातले अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकते, म्हणून दिवसा आणि विशेषतः ढगाळ संध्याकाळी ते उठून दिसते. रात्री वाहनाच्या दिव्यात अतिनील किरण नसल्यासारखेच असतात. तेव्हा तेच कापड साध्या फिक्या सदऱ्याच्या पंक्तीला येऊन बसते. रात्री कामाला येते ती राखाडी रंगाची परावर्तक पट्टी. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक बसवलेले असतात आणि आलेला प्रकाश इकडेतिकडे न पसरवता ते जिथून आला तिथेच परत पाठवतात. चालकाचे डोळे त्याच्या दिव्यापासून फार दूर नसल्याने परत आलेला प्रकाश त्याला जोरदार दिसतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ती पट्टी राखाडीच वाटते. म्हणजे ही अशी वस्तू आहे की जी फक्त ज्याने पाहायला हवे त्यालाच दिसते आणि बाकी कोणालाही त्रास देत नाही. आपल्याकडे तिला रेडियम म्हणतात, रेडियमची पट्टी मागितल्याशिवाय दुकानदाराला कळत नाही. तिच्यात रेडियमचा कणही नाही. क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या त्या धातूचे नाव अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्यांवरून आपल्या तोंडी बसले, आणि पुढे जे जे चमकेल ते सगळे रेडियम झाले. या नावाने एक गैरसमज मात्र करून ठेवला आहे: पट्टी आपली आपण उजळते असे लोकांना वाटते. ती उजळत नाही. समोरच्याचा दिवा तिच्यावर पडला तरच ती बोलते, आणि दिवा न लावता धावणाऱ्या ट्रॅक्टरपुढे ती मुकी असते.

कपड्यांचा उपयोग किती, याची मोजदाद झालेली आहे. डेन्मार्कमध्ये ६,७९३ सायकलस्वारांचे दोन गट करून एका गटाला पिवळे चमकदार जाकीट देण्यात आले आणि वर्षभर दोन्ही गटांच्या अपघातांची नोंद ठेवली गेली. जाकीट असलेल्या गटात इजा झालेले अपघात ४७ टक्क्यांनी कमी आढळले. जाकीट मिळालेली माणसे लहानसहान अपघात कळवायला कचरत असतील ही शक्यता धरून आकडा सुधारला, तरी इतर वाहनांशी होणाऱ्या अपघातांमधली घट ३८ टक्के उरली. ही घट थोडी नाही. त्याहून उद्बोधक वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधला प्रयोग. तिथे रात्री बंदिस्त रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला लावून वाटेत सायकलस्वार ओळखू येतो का ते पाहिले. काळ्या कपड्यांतला स्वार २ टक्के वेळा ओळखला गेला, चमकदार पोपटी बंडीतला १५ टक्के, परावर्तक पट्ट्यांच्या बंडीतला ५० टक्के. आणि त्याच बंडीच्या जोडीला गुडघे व घोटे यांवर पट्ट्या लावल्या तेव्हा ९० टक्के.

पन्नासावरून नव्वदावर जाण्याला कारण झाल्या त्या पायांवरच्या चार पट्ट्या, आणि त्यांत प्रकाश वाढला म्हणून हे झाले नाही. छातीवरची पट्टी जागच्या जागी असते. ती मैलाचा दगड असू शकते, उभा ट्रक असू शकतो, कठड्यावरचे चिन्ह असू शकते. घोट्यावरचा ठिपका मात्र खालीवर होतो, आणि अंधारात खालीवर होणारे दोन ठिपके पाहताच मेंदू क्षणात ओळखतो की हे पाय आहेत, म्हणजे हा माणूस आहे. माणसाला माणसाची चाल फार चटकन कळते. मुद्दा असा की "काहीतरी आहे" एवढे दिसणे आणि "सायकलवर माणूस आहे" हे कळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर उजेड वाढवून तुटत नाही.

कपड्यांची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये एका संशोधकाने सात वेगवेगळे पोशाख घालून रोज त्याच रस्त्याने सायकल चालवली आणि शेजारून जाणारी ५,६९० वाहने किती अंतर सोडतात ते मोजले. नवखा, कसलेला, चमकदार जाकिटातला, सगळ्यांना वाहनांनी सरासरी सारखेच अंतर दिले. अपवाद फक्त "पोलीस" या शब्दाचा आणि आपले चित्रीकरण होत असल्याची सूचना असलेल्या बंडीचा, आणि तिथेही फरक पडला तो सुमारे ५ सेंटिमीटरचा. दिसल्यावर चालकाने कसे वागायचे हे जाकीट शिकवू शकत नाही. पोलिसांची भीती शिकवते, तीही चार बोटे.

आता दिवा. माझ्या लहानपणी सायकलीच्या दिव्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आठवत नाही. तक्रार असायची ती दिवा नसल्याची. सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे, आणि रात्री दिव्यावाचून सापडल्यास पोलीस चाकातली हवा सोडून देत. घरी सायकल ढकलत येणे हाच दंड. वडिलांच्या सायकलीला पुढच्या चाकाशी बाटलीच्या आकाराचा डायनामो होता. खटका दाबला की त्याचे खाचाखाचांचे डोके टायरच्या कडेला टेकायचे, घुं-घुं असा आवाज सुरू व्हायचा आणि पायडल एकदम जड व्हायचे. ६ व्होल्ट, ३ वॅट एवढाच त्याचा संसार, आणि त्यातच पुढचा पिवळा दिवा व मागचा लाल दिवा भागवायचा. चढावर तो मिणमिणायचा, उतारावर तरारून उठायचा आणि बिंदू चौकात सायकल थांबली की विझायचा, म्हणजे नेमका जिथे चहूकडून वाहने यायची तिथे. या डायनामोचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तो गैरसोयीचाच होता. पण उजेड मिळवायला स्वतःची मांडी झिजवावी लागत असल्यामुळे कोणी तो वाया घालवत नसे, आणि दिव्याचा रोख आपोआप रस्त्याकडे असे.

एलईडी आले आणि उजेड फुकट झाला. मुठीत मावेल एवढा दिवा, यूएसबीवर चार्ज होणारा, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ल्युमेनचा आकडा. दुकानात गिऱ्हाईक तेवढाच आकडा वाचते: आठशे चांगला, हजार उत्तम, दोन हजार म्हणजे काय विचारता. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो याबद्दल हा आकडा चकार शब्द काढत नाही. कितीतरी मोटारींत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ६०/५५ वॅटच्या हॅलोजन दिव्याचा डिपरचा प्रकाश सुमारे १,००० ल्युमेन असतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा असेल तर सायकलीवरचा तो मुठीएवढा दिवा मोटारीच्या एका दिव्याची बरोबरी करतो. फरक असा की मोटारीच्या दिव्याला घडवलेला आरसा किंवा भिंग असते, डिपरवर टाकल्यावर प्रकाशाची वरची कड कापली जाते आणि उजेड रस्त्यावर पसरतो. सायकलीचे बहुतेक स्वस्त दिवे मुळात विजेऱ्याच असतात. त्यांचा झोत गोल असतो; त्यातला अर्धा रस्त्यावर पडतो आणि अर्धा झाडांच्या शेंड्यांवर, आकाशात आणि समोरच्याच्या तोंडावर. आपल्या ड्रायव्हर लोकांनी अप्पर आणि डिपर हे दोन शब्द किती नेमके करून ठेवले आहेत! सायकलीच्या या दिव्यांना डिपरच नाही. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे खटके आहेत, ते सगळे अप्परचेच, कमी-जास्त जोराचे.

जर्मनीने ही गोष्ट कायद्यात घातली आहे. तिथे सायकलीच्या पुढच्या दिव्याच्या झोताला वरून कड कापलेली असावी लागते, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो जाता कामा नये, आणि लुकलुकणाऱ्या दिव्याला परवानगी नाही. २०१३ पर्यंत तर सर्वसाधारण सायकलीला डायनामो सक्तीचा होता. त्यानंतर बॅटरीचे दिवे चालू लागले, पण झोताचा नियम कायम राहिला. असा दिवा घेऊन अंधाऱ्या रस्त्यावर गेले की तुलनेने थोड्या ल्युमेनमध्ये रस्ता अधिक चांगला दिसतो, कारण सगळा माल जिथे हवा तिथेच उतरवला जातो.

प्रखर दिवा डोळ्यांत गेल्यावर काय होते, हे सांगणे अवघड नाही. डोळ्यात शिरलेला प्रकाश आतल्या भिंगात आणि द्रवात विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर पांढुरका पडदा धरतो. वय वाढेल तसे हे विखुरणे वाढते. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर फारच. दिवा निघून गेल्यावरही अंधाराला सरावायला डोळ्यांना काही सेकंद लागतात, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना अधिक. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे दोन सेकंद आंधळेपणाची किंमत ३३ मीटर रस्ता, आणि त्या ३३ मीटरमध्ये त्या सायकलीच्या मागून येणारी दुसरी, बिनदिव्याची सायकल असू शकते. स्वतः उजळून निघालेल्याने शेजारच्याला अंधारात ढकलावे, असा हा प्रकार आहे.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. मी ते केले आहे. काही वर्षांपूर्वी असाच एक दिवा मी मोठ्या हौसेने घेतला आणि पहाटे पाचला शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याकडे निघालो. केर्लीच्या अलीकडे समोरून एक सायकल शहराकडे येत होती, मागे दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या. तिला दिवा नव्हता. माझ्या दिव्यात ती मला छान दिसली, आणि मी दिसतो आहे याबद्दलही मला शंका नव्हती. जवळ येता येता ती सायकल एकदम डगमगली, डांबर सोडून साइडपट्टीवर उतरली, आणि पुढच्या चाकाने खडीत मान टाकली. स्वाराने पाय टेकून स्वतःला सावरले. एका किटलीचे झाकण मात्र उडाले आणि लिटरभर दूध मातीत गेले. मी धावत गेलो. साठीच्या पुढचे गृहस्थ होते. रागावले नाहीत. डोळे चोळत एवढेच म्हणाले, "डोळ्यापुढं एकदम अंधारीच आली बघा." उजेडाने अंधारी आणणारा मी, दोन मिनिटे तिथे उभा राहून त्यांची किटली धरण्यापलीकडे काही करू शकलो नाही. दुधाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा मुद्दा थोडा वेगळा आहे. लुकलुक लक्ष वेधते, यात शंका नाही. म्हणून मागच्या लाल दिव्याला ती शोभते. ब्रिटनने २००५ पासून सायकलीला लुकलुकता दिवा कायदेशीर केला, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा, म्हणजे सेकंदाला एक ते चार वेळा, अशी मर्यादा घालून. आपल्याकडच्या काही दिव्यांत लग्नाच्या वरातीला साजेल अशी थरथर भरलेली असते. पुढच्या प्रखर दिव्याची लुकलुक वाईट ती एवढ्यासाठी की प्रत्येक लकाकीसरशी स्वाराची जागा बदललेली असते आणि मधल्या अंधारात नजर त्याला हरवते. तो किती लांब आहे आणि किती वेगाने येतो आहे याचा अदमास लागत नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात ३,८४५ सायकलस्वारांचा जो वर्षभराचा प्रयोग झाला त्यातले दिवे लुकलुकणारेच होते, हे खरे. पण ते चाकाच्या आऱ्यांना लावलेल्या चुंबकांवर चालणारे, बॅटरी नसलेले, चिमुकले दिवे होते. दिवसाढवळ्याही सतत चालू राहणारे. तेवढ्याशा दिव्यांनी इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी झाले. दिसण्यासाठी किती थोडा उजेड पुरतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

इथे माझे सायकलवाले मित्र एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, मोटारसायकलवाले सर्रास अप्परवर गाडी चालवतात, मोटारींना वरून आणखी एलईडीचे बार बसवलेले असतात, उसाचा ट्रॅक्टर एका डोळ्याने सगळा रस्ता उजळत येतो. मग आमच्या वीतभर दिव्यावरच नीतीचे धडे का? १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप पेटलेला राहतो, तोही सुरक्षिततेसाठीच ना? बरोबर आहे. अप्परवाल्यांचा गुन्हा मोठा आहे, आणि वाहतूक पोलिसांनी हेल्मेटइतकाच वेळ त्यांच्यावर घालवला तर मी टाळ्या वाजवीन. दिवसा पेटलेला दुचाकीचा दिवा डिपरवर असतो तोवर तो कोणाला छळत नाही. तो दिसतो, दिपवत नाही, आणि मला सायकलीकडून नेमके तेवढेच हवे आहे. पण अप्परवाल्याला उत्तर म्हणून आपणही अप्पर लावायचा, या न्यायाने शेवटी दोघेही आंधळे होतात आणि धडक झाली तर त्यातला एकच लोखंडी पेटीत बसलेला असतो. शिवाय रंकाळ्यावर सायकलसमोर मोटार नसते. तिथे समोर असतो तो पायी चालणारा, ज्याच्यापाशी दिवा नाही, वेग नाही, आणि हात आडवा धरण्यापलीकडे उपाय नाही. मोटारीपुढे दुबळा असलेला सायकलस्वार त्याच्यापुढे बलवान आहे. मोटारवाल्याकडे आपण जे मागतो तेच चालणारा आपल्याकडे मागत असतो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. दिसण्याची जबाबदारी सायकलस्वारावर टाकली की अपघातानंतर पहिला प्रश्न "जाकीट घातले होते का" हा होतो आणि ठोकरणारा सुटतो. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत सायकलस्वार ४,८०० हून अधिक होते. यांतले बहुसंख्य काही हौसेने पहाटे पन्हाळ्याला निघालेले नसणार. घराकडे किंवा कामाकडे निघालेली माणसे असणार. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात मृताचाही हलगर्जीपणा होता असे ठरले की भरपाईची रक्कम कापली जाते, त्यामुळे हा प्रश्न केवळ तोंडी चर्चेचा नाही. म्हणून चमकदार कपड्यांची सक्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ता वापरण्याचा हक्क पोशाखावर अवलंबून असू शकत नाही. काळा सदरा घातलेला माणूस मरायला मोकळा नसतो. पाहण्याची जबाबदारी चालकाची आहे, आणि आपल्या दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणे हा तिचा भाग आहे. दिव्याचे मात्र तसे नाही. रात्री वाहनाला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असावा ही अपेक्षा जुनी आणि रास्त आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत सायकल बसत नसली, तरी रस्त्यावरच्या वाहनांच्या दिव्यांबाबत नियम करण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली आहेतच. ते हवा सोडण्यासाठी न वापरता दिव्याच्या झोतासाठी वापरले तर बरे.

या सगळ्या चर्चेत जो माणूस येतच नाही त्याच्याकडे आता वळायला हवे. जाकीट आणि हजार ल्युमेन यांवरचा वाद हा दोन-तीन हजार रुपये दिव्यावर खर्च करू शकणाऱ्यांचा वाद आहे. उद्यमनगरातून रात्रपाळी संपवून निघालेला कामगार, पहाटे पेपर टाकणारा पोरगा, सोसायटीचा वॉचमन, गंगावेशीकडे दूध घालायला येणारा गवळी, यांच्या सायकलींना पुढे दिवा नसतो आणि मागे असलेला लाल परावर्तक दिसत नाही. का दिसत नाही, ते एकदा थांबून पाहावे: कॅरिअरवरचे पोते मागे लोंबलेले असते, मडगार्ड चिखलाने माखलेले असते, पावसाळ्यात पाठीवरून आलेला काळा रेनकोट सीटमागे झुलत असतो. केंद्र सरकारने २०२० साली सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, आणि नव्या सायकलीला पुढे, मागे, चाकांत आणि पायडलांवर परावर्तक देण्याची पद्धत त्यामुळे बळकट झाली, हे चांगलेच. पण रस्त्यावरच्या सायकली नव्या नसतात. त्या दोन-दोन पिढ्यांच्या असतात, आणि त्यांची पायडले चार वेळा बदललेली असतात.

गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट दरवर्षी केली जाते. उसाच्या ट्रॉल्यांना आणि टायरगाड्यांना मागे परावर्तक पट्ट्या किंवा कापड लावण्याची मोहीम निघते. ती पुरेशी नसते, ट्रॉलीवरचा ऊस तिच्यावर लोंबतो, तरीही त्यामागचा विचार बरोबर आहे: जो बाजारात जाऊन स्वतः विकत घेणार नाही त्याच्या वाहनाला जाऊन पट्टी लावायची. सायकलींसाठी असे कोणी करत नाही. सायकलप्रेमींच्या रविवारच्या फेऱ्या निघतात, त्यांत सारख्या रंगाचे टी-शर्ट वाटले जातात. त्या टी-शर्टांच्या खर्चात शहरात येणाऱ्या पाच-सहा रस्त्यांच्या तोंडाशी पहाटे तासभर उभे राहून निदान काहीशे सायकलींच्या पायडलांना पट्ट्या लावता येतील. पट्टी हातभर लागते, तिची किंमत एका वडापावाच्या आसपास असते.

ज्यांच्यापाशी भारी दिवा आहे त्यांनी तो फेकून द्यावा असेही नाही. सायकल भिंतीपासून पाच-सात पावलांवर उभी करावी, दिवा जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारावी, आणि उजेडाचा मधला प्रखर गोळा त्या रेघेच्या बराच खाली येईल असा दिवा वाकवून पक्का करावा. गोल झोताच्या दिव्याला वरून काळ्या चिकटपट्टीची टोपी केली तर आणखी उत्तम. शहरात, जिथे खांबांवर दिवे आहेत तिथे, सगळ्यात मंद खटका पुरतो. रंकाळ्यावर तर तोही हाताने झाकावासा वाटतो. मागचा दिवा आपल्या मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या रेषेत असतो, हे घोळक्याने जाणाऱ्यांनी विसरू नये. मागच्या माणसाला पन्हाळ्यापर्यंत लाल लुकलुकीकडे बघत जावे लागणे ही शिक्षाच आहे. मी हे सगळे त्या दुधाच्या घटनेनंतर शिकलो.

ते दूधवाले गृहस्थ मला पुढच्या हिवाळ्यात वडणगे फाट्याला चहाच्या गाड्यावर पुन्हा भेटले. त्यांनी मला ओळखले, म्हणजे माझ्या दिव्याला ओळखले. "आता बरा हाय की लाईट," म्हणाले. माझ्या पिशवीत रेडियमची गुंडाळी होती. घोट्याला बांधायला पट्टी देऊ लागलो तर त्यांनी ती बोटाने घासून पाहिली आणि मान हलवली. पायात काही बांधले की चेनमध्ये अडकते, म्हणाले, किटलीला लावा. किटली हलत नाही, मागून ती किटलीच दिसेल, माणूस दिसणार नाही, हे मी त्यांना समजावू लागलो, तेव्हा त्यांनी स्वतःच तोडगा काढला: पायडलला लावा, तेही खालीवर होतंय की. खिशातल्या कानकोऱ्याने त्यांनी पायडलच्या रबरातला वाळलेला चिखल खरवडला, फडक्याने पुसला, आणि दोन्ही पायडलांना पुढून-मागून एकेक तुकडा आम्ही दाबून बसवला. उरलेली हातभर पट्टी त्यांनी गुंडाळून खिशात घातली. पोरगा फौंड्रीत रात्रपाळीला जातो, त्याच्या सायकलीला होईल, म्हणाले.